कुर्डुवाडीचा मुलगा

३ फेब्रुवारी
काम लागलं! भवानी पेठेत फिरून बायकांच्या जीवनकथा रेकॉर्ड करायच्या, सुकन्या मॅडमच्या संशोधनासाठी. नियम दोन — समोरचं माणूस बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि स्वतःच्या घरच्यांची कथा आणायची नाही. दुसरा सोपा. घर तर सोडूनच आलोय.

९ फेब्रुवारी
गुरम्मा नावाच्या बाईंची कथा घ्यायला निघालो होतो. वाटेत एका गच्चीवर कबुतरं उडवत होते, बघत बसलो. पोचलो तर गुरम्मा लेकीकडे गेलेली! आता मॅडमना काय देऊ? रेकॉर्डर बंद पडला म्हणालो आणि आईचंच आयुष्य लिहून दिलं. नाव-गावसुद्धा खरंच टाकलं — केराबाई, होटगी. दुसरं सुचेना.

१० फेब्रुवारी
मॅडम खूश. "किती अस्सल आहे हे! मला भेटायचंय यांना."
मेलो.
आईला फोन केला. "ओळख दाखवू नको, काम जाईल माझं."
"बरं की. तसंबी वळख ऱ्हायलीय कुटं?"
मी पळाल्यावर ती गाव सोडून होटगीला आली. तिथं मला कुणी बघितलेलं नाही, एवढं बरं.

१४ फेब्रुवारी
होटगी. दारात शेजारणी गोळा. आईने मला चहा दिला — "घ्या, सायेब." सायेब!
"जन्मापासून सांगा," मॅडम म्हणाल्या. आई सुटलीच. मी लिहिलेलं निम्मं चूक! मेंढरं रोगाने गेली, असं मी लिहिलेलं. मला तेच तर ठाऊक होतं. मॅडमनी मेंढरांचं विचारलं, तर आई म्हणाली,
"इकली की. ल्योकाला आयटीआयला घातला."
तो आयटीआय मी अर्ध्यात सोडला.
"मग मुलगा आता काय करतो?"
"कुर्डुवाडीला हाय, रेल्वेच्या वर्कशॉपात. दर रविवारी फोन करतो."
दारातली दानम्मा म्हणाली, "व्हय बाई, लई गुणाचं पोरगं!"
मॅडमनी टिपून घेतलं — 'मुलाचा आधार'. मी रेकॉर्डर धरून गप्प. नियम!

१५ फेब्रुवारी
"कुर्डुवाडी कुठून काढलीस?" फोनवर विचारलं.
"गल्लीत पयल्यापास्नं तेच सांगती. तू माजं आयुष्य लिवलंस, ते मला इचारून लिवलंस व्हय?" ठेवला फोन.
संध्याकाळी मॅडमचा निरोप — कथा एकट्या आईची नको, मायलेकांची करू. कुर्डुवाडीला जाऊन त्या मुलाचं रेकॉर्डिंग आण.
आणतो!

२२ फेब्रुवारी
कुर्डुवाडी. काल वर्कशॉपबाहेर एका ठेकेदाराला विचारलं, माणूस लागतो का? सोमवारपासून ये म्हणाला.
आज रविवार. आईला फोन लावतोय.