घरचा चोर

उस्ताद, तुम्हाला लिहायचं म्हणून किती वेळा बसलो आणि किती वेळा उठलो, सांगायची सोय नाही. उदगीरला असताना कागद घेतला, तेवढ्यात कुणी हार्वेस्टर घेऊन तेलंगणात चाललं होतं, चढलो त्याच्याबरोबर. मुदखेडच्या फलाटावर चार ओळी झाल्या, गाडी आली, कागद बाकड्यावरच राहिला. आज मात्र तुमच्याच अंगणात, तुमच्याच ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून बसलोय. एक सामान मिळत नाही, त्यामुळं हात रिकामे आहेत.

तुम्ही गेल्यापासून हा ट्रॅक्टर इथंच उभा. तुमचा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणतो, भंगारात द्या. काकूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भंगारवाला परवा दुपारून येणार हाय. त्याच्या आत मागची अवजार उचलायची लिफ्ट उठून जागेवर थांबली तर ठेवते, शेताला कामी येईल. न्हाई तर जाऊ दे बाबा. दारात मेलेलं जनावर किती दिवस बघू?"

मी हो म्हणालो. मला येतं म्हणूनच म्हणालो. शाळा अर्धी सोडून विष्णुपुरीच्या रस्त्यावरल्या तुमच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या गाळ्यात आलो, तेव्हा मात्र पाना दिसला की उचलायचा, एवढंच येत होतं. एक शेतकरी आला होता, लिफ्ट उठत नाही म्हणून. मी लिफ्टवरच्या झाकणाचे बोल्ट सोडायला लागलेलो. तुम्ही चहाची बशी तोंडाला तशीच ठेवून ओरडलात, "ए भटक्या! पाना चालवायच्या आधी तोंड चालव. विचार त्याला, चोर घरचा हाय का बाहेरचा?" शेतकरी बिचारा घाबरला, त्याला वाटलं पोलिसात जायचंय. मग तुम्ही समजावलंत. तेल जमिनीवर सांडतंय, पाइप ओला दिसतोय, तर चोर बाहेरचा. पावलं ठेवून जातो. जमीन कोरडी, तेल पुरेसं आणि तरी जोर पळतोय, तर चोर घरचा. मागं जोडलेला मोगडा नाही तर नांगर उचला, इंजिन बंद करा आणि बघत बसा. उचललेला मोगडा आपोआप खाली बसत गेला तर आतल्या आत गळतंय. मुळात उठतच नसेल तर आधी तेलाची जाळी बघा, मग पंप. तुमचं एवढं शास्त्र. त्या शेतकऱ्याचं तर काहीच बिघडलं नव्हतं. दोन दांड्यांतली भलतीच दांडी ओढत होता. तुम्ही ती हलवलीत, लिफ्ट उठली, आणि दिवसभर मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही.

या शास्त्रावर मी कुठं कुठं जेवलोय, उस्ताद! निलंग्यात, देगलूरला, पार आदिलाबादपर्यंत. पंप कण्हतोय की हवा ओढतोय, हे आता मला बांधावरून कळतं. देगलूरला एका म्हातारीनं तर म्हशीच्या पोटात काय गुरगुरतंय तेही विचारलं होतं, आणि मी कान लावून सांगितलंही होतं. पण ते जाऊ द्या.

तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचा चोर मात्र तुम्हाला सापडला नाही. सकाळी थंडपणी ठीक. तेल तापलं की लिफ्ट मान हलवायची, वर-खाली, वर-खाली. काकू म्हणायच्या, "मालकासारखीच हाय. हो हो म्हणती आन् करत काहीच न्हाई." तुम्ही सील बदललंत, परत बदललंत, दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्यात. आणि तुमचा भागीदार, जो पुढं लातूरला जाऊन बसला, तो तेव्हाच म्हणाला होता, "सील सोड. सिलेंडर तडकलं असंल. तू लिफ्टीला साखळ्या बांधून लोकांची इंजिनं उपसतोस, ती काय क्रेन हाय का?" तुम्ही म्हणालात, "अक्कल लातूरला न्हेऊन वीक." त्यावर तो खरंच लातूरला गेला. परत तुम्ही दोघं बोलला नाहीत.

काल मी लिफ्टीच्या पेटीतलं सिलेंडर बाहेर काढलं; ते तडकलं तरी तेल पेटीतच पडतं, जमीन कोरडीच. एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला जॅकचा पंप जोडला. चोर गरमपणीच निघतो, म्हणून तेल काकूंच्या चुलीवर तापवलं. "कढई वाटोळी केलीस मेल्या," म्हणाल्या, पण रांगोळीचा डबा मागितल्यावर मुकाट्यानं आणून दिला. सिलेंडर पुसून वर रांगोळी भुरभुरली आणि पंप मारत गेलो. पांढऱ्यावर हळूहळू एक काळी रेघ उमटली, केसाएवढी. काकूंनीच आधी बघितली.

घरचा चोर तुम्हीच निघालात, उस्ताद. ती सगळी इंजिनं, त्या साखळ्या. तुम्ही "ऊठ म्हशी!" म्हणायचात, लिफ्ट दुसऱ्याचं इंजिन अलगद उपसायची, आणि गाळ्याबाहेर माणसं गोळा व्हायची. मला तेव्हा जगात त्याच्याइतकं भारी काही वाटायचं नाही. अजूनही वाटत नाही.

आता एवढ्या जुन्या मॉडेलचं सिलेंडर हवंय. नांदेडची झाडून सगळी दुकानं विचारली, उदगीर विचारलं, भंगाराचे ढीग विचारले. कुणाकडंच नाही. लातूरच्या त्या एका माणसाकडं असणार, हे मला कालच ठाऊक होतं. त्याला तेवढा फोन केला नाही. तुमचं भांडण मी अजून पाळतोय, असं म्हणू का? का तो बरोबर होता, हे त्याला माझ्या तोंडून कळू द्यायचं नव्हतं? पत्र तर तुम्हाला जाणार नाही, म्हणून लिहून टाकतो: दुसरंच खरं.

फाटकाशी टेम्पो थांबला. मला वाटलं, आला भंगारवाला. पण काकू पदर सावरत घाईनं पुढं गेल्या, म्हणजे लातूरला फोन त्यांनी केला. उतरलाय एक पिकल्या मिशांचा माणूस, खांद्यावर जड गोणी, गोणीतून तेल ठिबकतंय. आत पाऊल टाकायच्या आधीच विचारतोय,

"कुठं हाय रे, घरचा चोर?"