बुलेटला पाण्याची टाकी

१९ सप्टेंबर १९७६, दौंड
नाही म्हणजे नाही! बुलेटला पाण्याची टाकी बसवायची नाही.

रिटायर झाल्यावर ह्यांनी लिलावातली बुलेट घेतली — मी बोलले नाही. तिच्यावरून दोघांनी नागपूरला, दीक्षाभूमीला जायचं म्हणाले — रेल्वेचा पास घरात असताना! — तरी गप्प बसले. छप्पन साली हे एकटेच गेले होते, मी बाळंतीण होते. वीस वर्षांनी न्यायचं म्हणतायत, तर भांडू कशाला? पण परवा सरावाला म्हणून निघालो, पाटस, वरवंड ओलांडलं आणि भर उन्हात इंजिन तापून बंद पडलं. तेव्हापासून एकच ध्यास. इंजिनाभोवती नळ्या, पुढे जाळी, वर टाकी. माझा, मुख्याध्यापिकेचा, अख्ख्या महिन्याचा पगार! कुठल्याशा मासिकात पाण्याने गार होणाऱ्या परदेशी मोटारसायकलचं चित्र पाहिलंय. ह्यांचा जन्म लोको शेडमध्ये, वाफेच्या इंजिनांत गेला. पाण्याशिवाय इंजिन ही कल्पनाच सोसत नाही.

२३ सप्टेंबर
शिरूरला जाऊन आलो. जालिंदर मिस्त्री ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतो. बुलेटभोवती दोन चकरा मारल्या आणि मलाच म्हणाला, "बाई, हवेवर गार व्हनाऱ्या गाडीला पानी कशापायी? वजन वाढंल, नळी गळंल. पंचवीस मैलाला थांबायचं, च्या प्यायचा, इंजान गार झालं की चालायचं."
"मला थांबायचंच न्हाई," हे म्हणाले.
"का वो मामा, मागं पोलीस हाय का काय?"
हे हसले नाहीत. टाकी करायलाच सांगून आले.

२४ सप्टेंबर
अबोला. भाकरी मात्र एक जास्तच खाल्ली.

२६ सप्टेंबर
आज शाळेतल्या आवाजात विचारलं — का थांबायचं नाही? खरं कारण सांगा.

पाना पुसून खाली ठेवला. मग — "लगीन झालं तवाचा उन्हाळा. सायकलवर डबलशीट. तुला तहान लागली व्हती."

आठवतं. मला लिंबाखाली बसवून गावात पाणी आणायला गेले आणि रिकामेच आले. विहीर आटलीय म्हणाले.

"आटली न्हवती. जात इचारली. आन् मग..."

सत्तावीस वर्षं मी ती विहीर आटलेलीच समजत होते! तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणे, "तू कालेजातली. भांडाया गेली असतीस." गेलेच असते!

"नागपूरपतुर गावंच गावं. तुला कुनाच्या दारात उभं करायचं न्हाई मला."

उठून आत आले. घासलेली भांडी पुन्हा घासली.

२७ सप्टेंबर
जालिंदरला कार्ड टाकलं — टाकीचं काम रद्द. गाडी हवेवरच चालेल आणि तापली की थांबेल. गाव असेल तिथंच थांबायचं. पाणी मी मागणार. ह्यांना सांगितलं.

११ ऑक्टोबर, वाटेत
आठ-नऊदा थांबलो. पाणी मागते, मिळतं. एका बाईने वरून ओतायला घेतलं. तांब्या हातात द्या, म्हटलं. दिला! हे दरवेळी गाडीपाशीच — आमच्याकडे पाठ करून, तापल्या इंजिनाकडे बघत.

१२ ऑक्टोबर
सकाळी निघून जेमतेम चार मैल झाले होते. इंजिन गारच. गाव दिसलं आणि ह्यांनी गाडी थांबवली. "तू बस हितं," म्हणाले. पिशवीतला तांब्या घेतला आणि स्वतः गावात गेले.