सात जेवणांची वाट

माय,

गुवाहाटी आणि नागपूर यांच्यामधलं अंतर तू किलोमीटरमध्ये कधीच विचारलं नाहीस. नोकरी लागून मी पहिल्यांदा आसामात निघालो तेव्हा आसगावच्या घरी चुलीपुढे बसून तू विचारलंस, "का गा, किती जेवणाची वाट हाये?" मी रेल्वेच्या वेळा आठवून सांगितलं, सात. मग तू सात जेवणं बांधलीस. आधीच्या दोन पुरचुंड्यांत लाखोळीच्या डाळीचे वडे, मग तिखट पुऱ्या, आणि शेवटी न बिघडणारे भाजके पोहे आणि जवसाची चटणी. शेवटची पुरचुंडी सोडली तेव्हा गाडी ब्रह्मपुत्रेजवळ आली होती. घर किती मागे राहिलं ते मला तेव्हा कळलं.

काही वर्षांनी ऑफिसने एकदा विमानाचं तिकीट दिलं. गुवाहाटीहून कलकत्ता, तिथून नागपूर, हवेत सगळे मिळून तीन-चार तास. सकाळी जेवून निघालो आणि रात्री तुझ्यासमोर पाटावर बसलो. तू भात वाढता वाढता थांबलीस. "वाटेत जेवणच नाही?" मी नाही म्हणालो. "मंग दूर कायचा तू? पवनीच्या बाजाराले जाणारा बी वाटेत मुरमुरे खाते." तुझा धाकटा हसला, तूही हसलीस, पदराने कपाळ पुसलंस. त्या दिवसापासून तुझ्या हिशेबात मी जवळच राहायला आलो.

धानाची मळणी चालू असताना तुला ताप चढला. धाकटा तार करायला निघाला होता, तू त्याला थांबवलंस. "कायले त्याले सुट्टी काढाले लावता? एका जेवणाची बी वाट नाही. जास्त झालं तं बलवा, संध्याकाळी येते तो." जास्त झालं त्या सकाळी तार गेली, आणि तू माझ्या वाटणीचा भात शिजत टाकायला लावलास. तार मला दुसऱ्या दिवशी मिळाली. कसाबसा कलकत्त्याला पोचलो तर तिथे धुकं होतं. विमान आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही, असं म्हणाले. शेवटी हावड्याहून रेल्वेतच बसलो. सोबत बांधलेलं काही नव्हतं. स्टेशनं मागे जात होती आणि मी जेवणाच्या वेळा मोजत होतो.

घरी पोचलो तोवर राख सावडून झाली होती. धाकटा म्हणाला, तू माझं ताट झाकून ठेवायला लावलं होतंस आणि दाराकडे बघत होतीस. तार उशिरा केली म्हणून तो आजही स्वतःला बोल लावतो. मी त्याला कधी दोष दिला नाही, पण समजावताही आलं नाही.

माझी पत्रं तुला तोच वाचून दाखवायचा, म्हणून हे मी त्या पत्त्यावर टाकणार नाही. दुसरा पत्ता नाही. आता आसगाव रेल्वेने किती आणि विमानाने किती, याने मला काही फरक पडत नाही.

मी विमानाने आलो त्या दिवशी विमानात जेवण दिलं होतं. एका डब्यात पाव आणि गार भाजी. मी ते खाल्लं होतं. तू माझ्यासाठी जेवायची थांबली होतीस, म्हणून तू विचारल्यावर नाही म्हणालो आणि भरल्या पोटी पुन्हा जेवलो. वाटेत एक जेवण होतं, माय.