देवघरातलं सुवर्णमाक्षिक

१२ सप्टें. ५६, बुधवार
पाटणकर बाजारातून तूरडाळ २ शेर, १ रु.; वाती, कापूर ५ आ. धाकट्या भावजींनी दौऱ्यावरून दगड आणला, फुकट. मुठीएवढा, पितळेसारखा पिवळा. बाबांच्या औषधांत हेच सुवर्णमाक्षिक असे. बाबा वैद्य, म्हणत, यात थोडं सोनं असतं. देवघरात ठेवला.
भावजी खाणखात्यातले. हसले. "वहिनी, लोखंड अन् गंधक पुजता?"
म्हटलं, "मग शाळिग्रामात काय पेढे असतात?"
हे पेपरामागून हसले.

३० सप्टें.
नवा प्रांत होतोय, भावजींचं दफ्तर भोपाळला चाललं. खोकी भरताना, हा दगड जिथला त्या टेकडीचे बाकी तुकडे गहाळ. तपासात एकदा सोन्याचा अंश लागला होता. साहेब म्हणतात, चूक असेल, पुन्हा दाखवा. नाही दाखवलं तर नव्या ठिकाणी भावजींचं कोण ऐकणार? उरलाय तो आमच्या देवघरातला. मागायला लाजत होते.
"भाजून, कुटूनच कळेल, वहिनी."
म्हणजे दगड राहणार नाही.

३ ऑक्टो.
तूप कढवत होते. भावजी चुलीपाशी बसून समजावत होते. जमिनीत दगड तयार होताना सोनं त्यात अडकतं, सगळीकडे पसरलेलं. निवता निवता कुठेकुठे गोळा होतं, पण इतकं बारीक की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही.
"रवाळ तुपासारखं?"
"अगदी. फक्त तुमचा रवा जिभेला कळतो, आमचा भट्टीलाच."
एवढं समजलं. पण पुजलेलं भट्टीत कसं घालू...

७ ऑक्टो.
गुरुजींना विचारलं. म्हणाले, "अक्षता घाला, निरोप द्या. गणपती नाही का उठवत आपण?"
जीव हलका झाला.

दसरा
सकाळी अक्षता घातल्या. 'पुनरागमनाय च' म्हणताना जरा अडखळले. संध्याकाळी भावजी शमीची पानं घेऊन आले, वाकले. "सोनं घ्या, वहिनी."
दगडच त्यांच्या हातावर ठेवला. "तुम्ही घ्या. खरं निघतं का बघा."
त्यांनी दगड उजेडाला धरून पाहिला. मग, "कुंकू पुसू?"
"तपासाला चालत नसेल तर पुसा."

६ नोव्हें., मंगळवार
दिवाळी छान झाली. भावजी भोपाळला पोचले, दगडाचं मात्र काही लिहिलं नाही. देवघरात त्याच्या जागी तांबूस डाग पडलाय, घासला नाही. आज कार्ड टाकलं. शेवटी लिहिलं: चकल्यांचा डबा परत आणणे. दगडात सोन्याचा रवा धरला होता की नाही, उलटटपाली कळवावे. नसला तरी कळवावे. चिमूटभर भुकटी उरली असेल तर टाकू नये, जागा ठेवली आहे.