वसतिगृहाचा इतिहास आणि मागची खिडकी

रेक्टरबाई कमरेपर्यंत खिडकीबाहेर आहेत आणि उरलेल्या आत. लोहाराला निरोप गेला आहे. तो येईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही, असं बाहेरच्या अर्ध्या बाईंनी बजावलंय. म्हणून भांडी घासायच्या खोलीच्या दाराला पाठ लावून तुला लिहिते आहे.

ती. आत्या, साष्टांग नमस्कार, बसल्या जागेवरूनच. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? मी बरी आहे.

वसतिगृहातली माझी मुदत या महिन्यात संपते आणि प्रबंध अर्धाच झालाय. खोली गेली की बाबा मला घरी नेणार, आणि मी घरी गेले की प्रबंध माळ्यावर जाणार. बाईंनी तोड काढली: वर्धापनदिनासाठी वसतिगृहाचा इतिहास लिहून दे, वर्षभर खोली ठेव. मात्र शिस्तीवर एक भरभक्कम प्रकरण हवं. मी जुन्या विद्यार्थिनींना भेटत सुटले. इमारत कुणी बांधली, हे एकीलाही आठवेना. चहा टाकायच्या आधीच सगळ्या विचारत, मागच्या खिडकीचा तो गज अजून निघतो का? (एक न्यायाधीश आहेत. त्यांनी आधी दार लावून घेतलं.) फाटक सातला बंद होई. गज वर उचलून फिरवला की हातात येई. सोडून जाणारी मुलगी खोलीच्या किल्लीबरोबर ही विद्याही नव्या मुलीला देऊन जाई. (आम्हालाही मिळाली आहे, पण ते असो.)

आज दुपारी बाईंना प्रकरण वाचून दाखवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी लिहिलं होतं, की त्या खिडकीतून माणूस जाणं अशक्य आहे, सबब या आठवणी कल्पित समजाव्यात. बाईंचे कान लाल झाले. "अशक्य कसं?" म्हणाल्या आणि उठल्याच. गज त्यांनी न बघता काढला. "आधी उजवा खांदा, मग डोकं. तुम्हाला कुणी काही शिकवलंच नाही." खांदा गेला, डोकं गेलं. मग मधली सगळी वर्षं आडवी आली. स्वयंपाकीणबाईंनी तेल लावून बघू या म्हटलं, तर बाहेरून उत्तर आलं, की मी बिजागरी नाही.

आता त्या निवळल्या आहेत. मघाशी स्वतःशीच हसल्या. म्हणाल्या, "तुझी आत्या मागून ढकलायची. तसा हात पुन्हा कुणाचा लागला नाही." (तू तर रोज संध्याकाळी वाचनालयात असायचीस ना? निदान आम्हाला तरी तू तसंच सांगत आलीस, आम्ही घरी उशिरा आलो की.)

तुझी लाडकी भाची

ता. क. बाबांना एवढं सांग, की पोरीला अजून एक वर्ष राहू दे. तुझा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी एक ता. क. नाही सांगितलंस तरी माझा राग नाही. फक्त प्रकरण आता नव्याने लिहावं लागणार, आणि ढकलणारीचं नाव त्यात घालावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाकीट चिकटवण्याआधी. बाईंना कालच सोडवलं. आज लोहार पुन्हा आला होता. बाईंनी त्याच्याकडून शेजारचाही गज सैल करून घेतला, आणि मग खोली वर्षभर ठेवण्याच्या माझ्या अर्जावर सही केली.