सर्वांत निकामी चहा

चि. ठमीस अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, टिंगूला गोड पापा.

मी, तुझा बाप, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चहा-परीक्षण प्रयोगशाळेचा कार्यालयीन व्यवस्थापक, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे : येत्या रविवारी तू मला कायमचे तुमच्याकडे न्यायला येऊ नयेस. हेतू आधीच सांगून टाकला, कारण फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस. "बाबा, आता बघू-बिघू नाही. हातपाय बांधून डिकीत टाकून आणेन," असे म्हणून तू फोन ठेवलास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, ही त्याची सोय.

प्रकृती ठीक आहे. हिरड्यांचे दुखणे चालूच आहे. दंतवैद्याने दिलेल्या औषधी पाण्याने दोन्ही वेळा चुळा भरतो. हॉलमधला पंखा दुरुस्त झाला. तुझ्या आईची झाडे, एक मोगरा वगळता, जगली आहेत.

ऑफिसात सध्या हिरव्या चहांची परीक्षा चालू आहे. कोणता चहा जंतूंना किती मारतो, हे पाहायचे. रीत सोपी आहे. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर जंतू सारवतात. मग चहाच्या अर्कात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या त्यावर ठेवून बशी ऊबपेटीत सरकवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. ज्या टिकलीभोवती स्वच्छ, मोकळे कडे उरते तो चहा मारक. कडे जितके रुंद, तितका तो जबर. वाफवलेल्या कोवळ्या पानाने रुंद कडे दिले, भाजलेल्या पानाने बेताचे, फुलांचा वास दिलेल्याने त्याहून कमी. एका स्वस्त भुकटीने मात्र काहीच दिले नाही. तिच्या टिकलीला चिकटून जंतू गुण्यागोविंदाने नांदत होते.

आमच्या जंतुशास्त्राच्या बाईंकडे मी त्या भुकटीचे उरलेले पाकीट मागितले.

"साहेब, अख्खं जग रुंद कडं शोधतंय आणि तुम्ही नापास पोराला कडेवर घेताय?"

"मला घरी प्यायला हवंय."

"मग तर चांगला न्या की."

खरे कारण तुला सांगतो.

तुझी आई गेल्यावर मी दूध बंद करून हिरव्या चहावर आलो, तरी सकाळी दोनच कप मांडत आलो. सवय आहे, त्यात रडण्यासारखे काही नाही. दोन्ही भरायचे, आपला घेऊन बाल्कनीत पेपर वाचायचा आणि परत येऊन दुसरा सिंकमध्ये ओतायचा. मध्यंतरी केव्हातरी लक्षात आले की ओतताना तो हलका लागतो. वाफ झाली असेल, असे आधी म्हटले. मग खात्रीसाठी शेजारी तसाच तिसरा कप भरून ठेवला. परत आलो तेव्हा तिसरा काठोकाठ होता आणि दुसरा अर्धा. दार आतून बंद. घरात मांजर नाही, उंदीर नाही. कपाच्या काठावर ओठ टेकल्यासारखी ओली खूण होती.

ठमे, मला भीती वाटली नाही. मी तो कप धुतला नाही. तिच्या खुर्चीसमोर ठेवला आणि बराच वेळ समोर बसून राहिलो. यापुढचे तू समजून घेशील.

परंतु समजूत म्हणजे पुरावा नव्हे. कपाच्या काठावरून कापसाची काडी फिरवून ती बशीवर ओढली, तर पिणाऱ्याच्या तोंडातले जंतू उगवले पाहिजेत. अडचण इतकीच की चांगल्या हिरव्या चहाने ते मेले असते आणि माझ्या पदरी कोरी बशी आली असती. म्हणून मला सर्वांत निकामी चहा हवा होता.

दोन बशा केल्या : एक माझ्या तोंडाची, एक त्या भुकटीचा चहा भरलेल्या दुसऱ्या कपाची. कशाच्या, ते बाईंना सांगितले नाही. माझी बशी औषधी चुळांमुळे जवळजवळ कोरी निघाली. दुसरी गच्च भरली होती. बाईंनी ती उजेडाकडे धरली.

"ही वस्ती माणसाच्या तोंडातली दिसतेय. घरी कुणी पाहुणे आलेत का?"

"हो. बाई की पुरुष, ते कळतं का?"

"बशीला नाही कळत, साहेब. पण तुम्हाला कळायला हवं ना, घरात कोण आलंय ते." आणि त्या हसल्या.

त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. त्याच भरात तुला फोन केला आणि आईसाठी रोज कप भरतो, असे बोलून गेलो. मला हसवायला तू म्हणालीस, "तो हिरवा? अहो बाबा, आई त्याला पाल्याचा काढा म्हणायची. मेले तरी तोंड लावणार नाही, म्हणायची." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन रडू लागलीस. मीच तुझी समजूत घातली. माझी घालायला कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिचा चहा केला. दुधाचा, कडक, साखर तिला लागे तेवढी. शेजारी हिरवा ठेवला. हिरवा अर्धा झाला. दुधाच्या चहावर साय धरली होती. ती जराही मोडली नव्हती.

तेव्हा मी तुला "येतो" म्हणालो. जे काही आहे ते या घरात आहे. घर सोडले की सुटलो, असा माझा सरळ हिशेब होता. मधल्या काळात ऑफिसच्या कामासाठी परगावी जावे लागले. विश्रामगृहाच्या खोलीत ट्रेमध्ये दोन कप होते. सोबत नेलेल्या भुकटीच्या चहाने मी दोन्ही भरले. हे मी का केले, ते मला अजून सांगता येत नाही. अंघोळ करून बाहेर आलो. दाराची कडी मी लावली होती तशीच होती. दुसरा कप अर्धा झाला होता.

काड्या बॅगेत होत्याच. परतल्यावर बशी केली. बाई या खेपेस हसल्या नाहीत. "शपथेवर नाही सांगणार, साहेब, पण हा तुमचा तोच पाहुणा वाटतो. तुमच्याबरोबर गावाला आला होता का?"

काल दुसरा कप मांडलाच नाही. पेपर खाली ठेवून माझ्या स्वतःच्या कपाकडे हात नेला, तर त्याच्या पलीकडच्या काठावर ओली खूण होती.

टिंगू दुधाचा पेला अर्धा ठेवून खेळायला पळतो आणि परत येऊन तोच तोंडाला लावतो. तू रागावतेस, तो ऐकत नाही. गेल्या सुट्टीत त्याच्या त्या पेल्यावर झाकण ठेवीत मी घरभर फिरलो होतो आणि तू मला हसली होतीस. आता त्या पेल्याचा विचार मनात आला की मी बॅगेतून काढलेला सदरा पुन्हा कपाटात ठेवतो.

तेव्हा रविवारी येऊ नकोस. माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे जावईबापूंना सांगायचे असेल तर सांग. मी हरकत घेणार नाही. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली टिंगूला दे. फोन मात्र रोज करीत जा आणि तो जवळ असेल तर त्याच्याकडे दे.

एवढ्या मोठ्या घरात एकटे वाटत नाही का, असे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी विषय बदलतो. आज सरळ सांगतो. मी एकटा असतो, तर तुझी गाडी येण्याआधीच बॅग घेऊन फाटकात उभा राहिलो असतो.

तुझे,
बाबा

मुक्काम : घर, स्वयंपाकघरातले टेबल
मंगळवार, ता. ९