पडद्याआडची चौथी

लिओं, ९ मार्च १९८१

ती. ओदिल आत्यास,
सा. न. वि. वि.

दिजाँच्या वाद्यवृंदाचं निवडचाचणीच्या निकालाचं पत्र आलं. पाच परीक्षकांपैकी तिघांची मतं लागतात; मला दोन मिळाली. पाचवं मत तुझं होतं, आणि तू मधेच उठून गेलीस, असं त्यात लिहिलंय. पडद्याआड कोण वाजवतंय हे कळू नये म्हणून आम्ही बूट काढून गालिच्यावरून आलो. तिथे कोणी कोणाचं नसतं, हे तूच शिकवलंस. मग उठायला काय झालं? घरातली पहिली पदवी म्हणून बाबांनी माझं प्रमाणपत्र बेकरीत पावांच्या फळीवर टांगलंय. गिऱ्हाइकं आता निकाल विचारतात.

तुझ्यावर फार रागावलेली,
सोलेन

दिजाँ, १३ मार्च

चि. सोलेनला अनेक आशीर्वाद.

तू अर्ज केल्याचं तुझ्या बापाने मला सांगितलं. त्याच्या पोटात पावाशिवाय काही राहत नाही. चौथ्या क्रमांकाच्या उमेदवाराने पहिल्या सुराआधी नाकाने श्वास घेतला आणि मी तुला ओळखलं. ती खोड माझी, तुला मीच लावली. वाजवणारा ओळखू आला की परीक्षकाने उठायचं, परत बसायचं नाही, हा नियम. मी कोट घेतला आणि घरी आले. चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवताना नात्यातल्यांना चिकटवणाऱ्यांना शिव्या घातल्या, आता भाचीसाठी गिळू? खुशाल रागाव. रविवारी जेवायला ये, मोहरी लावून ससा करते.

तुझी, कधी नव्हे ती शांत राहिलेली,
आत्या

लिओं, १६ मार्च

ती. आत्यास सा. न.

ससा तुझा तूच खा. मी चौथी नव्हते, सातवी होते.

ती श्वासाची खोड मी इथे आल्यावर मोडली, त्याला दोन वर्षं लागली. चौथी तुझ्या शेकडो विद्यार्थिनींपैकी कुणीतरी असेल, किंवा नसेलही. तिचंही मत गेलं. तुझी चूक वाद्यवृंदाला लिहून कळव, आणि तिचा क्रमांक माझ्या आधी घाल.

नियम मला मान्य आहे. पण तू बसून राहिली असतीस, तर मला ओळखलं नसतंस. मत देता आलं असतं. ते होकाराचं असतं की नाही, हे आता आपल्या दोघींनाही कधी कळायचं नाही.

लोभ आहे तिथेच आहे, राग त्याच्या पुढे बसलाय.

सोलेन